ऐनवेळचा विषय

परदेशात छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या बाजूनं भारत सरकारनं शब्द टाकावा, असा ठराव आमच्या ग्रामसभेनं गेल्या स्वातंत्र्यदिनाला मंजूर केला. त्या ठरावाखाली अनुमोदक म्हणून माझं नाव आहे, आणि खरं सांगायचं तर ते तिथं चहामुळं लागलं. सभा दोन तास चालली होती, नालीवरून व्हायची तेवढी भांडणं होऊन गेली होती, आणि शिपाई चहाचा ट्रे घेऊन पुढच्या रांगेवरूनच परत फिरायच्या बेतात होता. म्हणून मी मागून हात वर केला. नेमकं त्याच वेळी ग्रामसेविका बाईंनी विचारलं होतं, की याला अनुमोदन कुणाचं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझं नाव लिहिलं, आणि चहा पुढच्याच रांगेत संपला.

ठराव मांडणारे होते आमचे शेजारी, निवृत्त ग्रामसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. अडचण घरातली असो, गावातली असो की जगाच्या दुसऱ्या टोकाची असो, रीतसर ठराव केला की ती निम्मी सुटते, यावर इतकी मनापासून श्रद्धा असलेला माणूस जिंतूरपासून येलदरीच्या धरणापर्यंत तुम्हाला दुसरा सापडणार नाही. परभणी जिल्ह्यातही नसेल, पण तसं ठामपणे लिहिलं तर भाऊसाहेबच विचारतील की आधार काय, म्हणून येलदरीवर थांबतो. तीस-बत्तीस वर्षं गावोगावच्या सभांचं इतिवृत्त लिहून त्यांच्या डोक्याची घडीच तशी बसली आहे. त्यांच्या घरात फ्रिज आला तो ठरावानं. सूचक त्यांच्या पत्नी, अनुमोदक मुलगी. रंगावर मतदान झालं तेव्हा भाऊसाहेब एकटे पडले, तर त्यांनी स्वतःचा विरोध स्वतःच्याच हातानं नोंदवला, खाली सही केली आणि मग तांबड्या फ्रिजमधलं गार पाणी पिऊन शोरूमवाल्याला फोन लावला, की माल पोचला. मानवतला एका लग्नात दोन्हीकडचे व्याही रुसून बसले होते. भाऊसाहेबांनी लग्नपत्रिकेच्या पाठीमागं दोन्ही पक्षांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून काढलं आणि मांडवात उभं राहून वाचून दाखवलं. आपण नेमकं कशावरून रुसलो आहोत हे शुद्ध भाषेत कानावर पडल्यावर दोन्हीकडची मंडळी मुकाट्यानं जेवायला बसली.

गावात ख्रिस्ती घरं तीन, त्यातलं एक आमच्या भिंतीला भिंत लावून असलेलं हे भाऊसाहेबांचं. दर नाताळात त्यांच्याकडून करंज्या-चकल्यांचं ताट येतं आणि ताटाबरोबर वही येते, ताट मिळाल्याची पोच द्यायला. एका वर्षी माझ्या बायकोनं वहीत 'मिळाले, दोन करंज्या फुटक्या' असा शेरा मारला, तर संध्याकाळी भाऊसाहेब दोन सबंध करंज्या घेऊन दारात उभे. शेऱ्याखाली 'पूर्तता केली' असं लिहून, तिची सही घेऊनच गेले. रविवारी तिन्ही घरांची प्रार्थना त्यांच्या ओसरीवर होते. आम्ही लिंगायत, इकडं माझी लिंगपूजा चालू असते आणि भिंतीपलीकडून भाऊसाहेबांचा खणखणीत आवाज येतो, की हे प्रभू, मागच्या रविवारी विनंती केल्याप्रमाणे पाऊस झाला, सोयाबीन वाचलं, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आता विषय दुसरा. माझा देव आणि त्यांचा देव, दोघांनाही त्या आवाजाची सवय झाली असावी.

तर असा माणूस निवृत्त झाला म्हणून ग्रामसभेला यायचा थांबतो थोडाच. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर शेवटचा विषय कायम एकच असतो: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तो वाचला जातो तेव्हा लोक चपला शोधत असतात. भाऊसाहेबांना मात्र पक्कं ठाऊक, की कायद्यानं उघडं ठेवलेलं हे एक दार आहे. त्या दिवशी ते उभे राहिले आणि खिशातून घडी केलेला कागद काढून वाचायला लागले. एका देशाचं नाव घेतलं, तिथं घरात बसून प्रार्थना केली म्हणून ख्रिस्ती माणसांना तुरुंगात घालतात असं सांगितलं, आणि आपल्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा, अशी ही सभा विनंती करते, असा ठराव मांडला. ग्रामसेविका बाई नव्या, हुशार. त्या म्हणाल्या, विषय आपल्या अधिकारकक्षेत येत नाही. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, की करून घेणं आपल्या कक्षेत नाही हे खरं. विनंती करायला मात्र कक्षा लागत नाही. बाईंनी सरपंचबाईंकडं पाहिलं. सरपंचबाई नालीच्या भांडणानं पार शिणून गेल्या होत्या.

"घ्या लिहून," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं हा पहिलाच विषय हाय ज्याच्यात कुनी माझ्या घराचं नाव घेतलं न्हाई."

आणि मग चहा आला, आणि मी हात वर केला.

दुसऱ्या दिवसापासून मला गावात तोंड काढणं अवघड झालं. हॉटेलवर गेलो की या, परराष्ट्रमंत्री, म्हणून जागा करून द्यायचे. ते चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी गावातले एक पुढारी माझ्या किराणा दुकानात आले, खारीक मागितली आणि खारकेकडं न बघताच म्हणाले, "आप्पा, दारातली नाली तुंबलीय अन् तुमी तिकडं परमुलखात काय करायलाव? उद्या लोक म्हनतील, आप्पानं गळ्यातलं लिंग काढलं." मग त्यांनीच उपाय सांगितला. हात चुकून वर गेला असं लिहून द्यायचं. अनुमोदन गेलं की ठराव आपोआप पडतो, कुणाशी वाईटपणा नको.

मी काही शूर माणूस नव्हे. गिऱ्हाइकानं साखर ओलसर आहे म्हटलं तरी मी पोतं बदलतो. त्यातून हात चुकून वर गेला होता ही गोष्ट खरीच होती, म्हणजे मला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. संध्याकाळी भाऊसाहेबांकडं गेलो. आधी पावसाचं बोललो, मग बाजारभावाचं, मग त्यांच्या गुडघ्याचं, आणि शेवटी कसंबसं मुद्द्यावर आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला, पाटावर कोरा कागद घेतला आणि म्हणाले, "अनुमोदन मागं घ्यायचा अर्ज तुमाला जमायचा न्हाई, आप्पा. चुका व्हतील. म्याच लिहून देतो."

आणि खरोखरच लिहिला. 'अनवधानाने हात वर झाल्याने' पासून 'कळावे' पर्यंत, मोत्यासारख्या अक्षरात, स्वतःचा ठराव पाडणारा अर्ज. कुठं शब्द कमी नाही, कुठं माझी फजिती होईल असं वाक्य नाही. कागद माझ्याकडं फिरवला, पेन वर ठेवला आणि सही कुठं करायची तिथं बारीक फुली मारून दाखवली.

नुसता वेळ काढायला म्हणून मी विचारलं, की पण ही माणसं तुमची कोण. तेव्हा कळलं. त्यांची मुलगी नर्स आहे, ती त्या देशातल्या इस्पितळात नोकरीला होती. पहिल्याच वर्षी तिला मोठं आजारपण आलं. ना ओळखीचं माणूस, ना धड भाषा येत. तिच्या वॉर्डात झाडलोट करणारी एक बाई पंधरा दिवस ड्यूटी संपली की तिच्या उशाशी येऊन बसायची. त्या बाईचा नवरा सुतार. चार माणसं घरात जमवून प्रार्थना केली म्हणून त्याला धरून नेलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली. बाईला अजून त्याचं तोंड बघू दिलेलं नाही. जिवंत आहे एवढं कळतं, ते त्या तुरुंगात जाऊन आलेल्या दुसऱ्या कुणाकडून. मुलगी परत आली, पण दोघींचं फोनवर बोलणं होतं. सुताराचं नाव भाऊसाहेबांनी ठरावात घातलंच नव्हतं. ते बंद पाकिटात वेगळं ठेवलं होतं. आपल्या कागदामुळं तिला आणखी त्रास व्हायला नको, म्हणाले. म्हणून मीही इथं माणसाचं नाव लिहीत नाही आणि देशाचंही लिहीत नाही.

"माझ्या पोरीपाशी ती बसली," भाऊसाहेब म्हणाले. "तिच्यासाठी म्या काय करू? मला आयुष्यात एकच काम येतं."

मी पेन उचलला आणि गडबडीत सही न करताच खिशाला लावून घरी आलो. दोन दिवसांनी लक्षात आलं की पेन त्यांचा होता. तो परत केला, त्याची त्यांनी पोच दिली. अर्ज मात्र मी मागितला नाही आणि त्यांनी पुन्हा पुढं केला नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं एसटीनं परभणीला गेलो, खासदारांच्या कार्यालयात. भाऊसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बगलेत फाईल, फाईलीत ठरावाची नक्कल आणि नकलेला जोडून सभेला हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठे. खासदारांच्या सहायकानं कागद दोनदा वाचला. त्याला आधी वाटलं असावं की हे गावातल्या कुठल्या तरी रस्त्याचं आहे. मग त्यानं जे विचारलं, ते त्याच्या जागी मी असतो तरी विचारलं असतं: यात तुमचा संबंध काय?

भाऊसाहेब खुर्चीत सरळ झाले. "साहेब," ते म्हणाले, "संबंध असता तर अर्ज केला असता. संबंध न्हाई म्हनून ठराव केलाय."

सहायकानं मान वर करून त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि मग आतल्या खोलीत गेला. अर्ध्या तासानं खासदार स्वतः बाहेर आले. त्यांनी अंगठ्यांचं ते पान उलटून पाहिलं, विचारलं की एवढ्या लोकांना हे कळलं होतं का. मला माझा वर गेलेला हात आठवला. भाऊसाहेब म्हणाले, सभेत समद्यांना कळलं न्हवतं. नंतर म्या घरोघर जाऊन वाचून दाखवलं, ज्याला नको वाटलं त्याचं नाव खोडलं, आठ नावं खोडलेली दिसतील. ही गोष्ट मलाही तिथंच कळली. आठवडाभर हा माणूस दुखऱ्या गुडघ्यानं गावभर फिरला होता आणि मला, अनुमोदकाला, उगाच त्रास नको म्हणून त्यानं बरोबर घेतलं नव्हतं. निघताना सुताराच्या नावाचं ते बंद पाकीट त्यांनी खासदारांच्या हातात दिलं.

हिवाळी अधिवेशनात प्रश्न विचारला गेला. अतारांकित होता, म्हणजे सभागृहात चर्चा नाही, फक्त लेखी उत्तर. मला वाटलं भाऊसाहेब खट्टू होतील, म्हणून मी समजूत घालायला गेलो, तर त्यांनीच माझी समजूत घातली. तोंडी उत्तर हवेत जातं, लेखी उत्तर फाईलीत राहतं, म्हणाले. उत्तर दोन ओळींचं होतं, की विषय तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत संबंधित सरकारच्या कानावर घालण्यात आला आहे. भाऊसाहेबांनी ते तीनदा वाचलं, पेन्सिलनं कुठंही काही न दुरुस्त करता. सरकारी कागदाच्या बाबतीत त्यांच्या हातून असं पहिल्यांदाच घडलं.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीला तिकडून फोन आला. सुतार अजून आतच आहे. पण त्याच्या बायकोला आता महिन्यातून एकदा त्याला भेटू देतात. मधल्या जाळीतून, थोडाच वेळ, पण भेटू देतात.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत मागच्या ठरावांच्या अंमलबजावणीचा आढावा होता. ग्रामसेविका बाई एकेक वाचत होत्या. नाली, पाठपुरावा चालू. पाण्याची टाकी, प्रलंबित. स्मशानभूमीचं शेड, प्रलंबित. मग हा ठराव आला आणि त्या थांबल्या. रकान्यात काय लिहायचं ते कळेना, म्हणून त्यांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून हळूच उभे राहिले.

"अंशतः लिहा," ते म्हणाले. "मानूस अजून आत हाय. अन् आपल्यामुळं झालं असंबी लिहू नका, ते आपल्याला ठाव न्हाई. भेटू द्यायलेत, एवढंच लिहा."

सभेत नालीवाले होते, टाकीवाले होते, खारीक न घेता गेलेले ते पुढारीही होते. मग पुढाऱ्यांनीच घसा खाकरून सांगितलं, की बाई, ते जरा मोठ्यानं पुन्हा वाचा, मागं ऐकू गेलं नाही. मी मागच्याच रांगेत होतो, मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी पुन्हा ऐकलं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, बघायचं कारणही नव्हतं, पण मी शर्टाची वरची गुंडी लावून ताठ बसलो होतो. इतकी वर्षं या गावात राहिलो, गावाचा एवढा अभिमान मला कुस्तीच्या फडातसुद्धा कधी वाटला नव्हता.

सभा सुटल्यावर भाऊसाहेब माझ्याबरोबर चालत आले. पूर्वी त्यांच्या चालीला मला धावावं लागायचं, आता मी पाय आखडता घेतो. दारापाशी आल्यावर एवढंच म्हणाले, की तो सुटला की मग 'पूर्ण' लिहायचं, तोवर फाईल बंद करायची नाही. आपण नसलो तर ती कुठल्या कप्प्यात आहे, तेही त्यांनी मला सांगून ठेवलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. अंशतः म्हणजे काय, अतारांकित म्हणजे काय, पुढाऱ्यांनी कसं पुन्हा वाचायला लावलं, सगळं. ती पापडाचं पीठ मळत होती. माझं सांगून संपलं तरी ती मळतच राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "म्हैन्याला एकदा भेटू देतात, बरं झालं बाई. पन जाताना तिला त्याच्यासाठी घरचं काही करून नेऊ देतात का? ते विचारलं का तुमच्यातल्या कुनी?"