कुम म्हणजे नक्की कोण?

शरदकाका काल गेले. आता 'कुम' या शब्दावरून मला कोणीही पिडणार नाही.

काका इथे परदेशात, यिशुनला आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. बोटीवरचे रिटायर्ड चीफ इंजिनिअर.

त्यांचा कॅप्टन द्रागान, माँटेनेग्रोचा. एकदा सुट्टीत त्याने काकांना घरी नेलं आणि लेकाचं जावळ काढायला लावलं.
काकांना वाटलं, पाहुण्याला मान देतायत. खुशाल कात्री चालवली.

मग कळलं, तिकडे जावळ काढणारा 'कुम' होतो. म्हणजे जन्माचं नातं गळ्यात. नाही म्हणायची सोय नाही, सोडायची तर नाहीच.

तेव्हापासून खाली हॉकर सेंटरवर कोणी मराठी माणूस कॉफी घेताना दिसला, की लेक्चर सुरू.

"मूळ बहुधा लॅटिन. अर्थ काय, तर सह-बाप! सर्बियात लग्नाचा साक्षीदार तो कुम. युक्रेनमध्ये मुलाचा धर्मपिता तो कुम. आणि रशियन तुरुंगात कैद्यांवर पाळत ठेवणारा साहेब, तोही कुमच!"

काकू म्हणायच्या, "अहो, त्यांची कोपी गार झाली."

आज मंडाईच्या स्मशानात द्रागान आला. एअरपोर्टवरून थेट, बॅगेसकट. एवढा धिप्पाड माणूस, ओक्साबोक्शी रडत होता.

गुरुजी म्हणाले, "आता फक्त घरचे थांबा."

आम्ही मागे सरलो. द्रागान हलेना.
"आय ॲम कुम."

गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं. "हे नात्याने कोण?"

झालं! काकांचे सगळे विद्यार्थी कामाला लागले.

"लग्नाचे साक्षीदार," जोशी म्हणाले.
"धर्मपिता," मी म्हटलं.
"तुरुंगातले साहेब," मागून कोणीतरी.

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. काकांची लेक केतकी रडता रडता फिस्सकन हसली. "गुरुजी, अंकल इज फॅमिली, लाह!"

गुरुजींना ते पटेना. ते काकूंकडे वळले. द्रागानला मराठी येत नव्हतं, पण आपल्याला बाहेर काढतायत हे त्याला कळलं होतं. तोही काकूंकडेच बघत होता.

काकूंनी डोळे पुसले.
"ह्यांना सख्खा भाऊ नव्हता, गुरुजी. पन्नाशीत मिळाला. त्याला कुठे बाहेर पाठवता?"

द्रागानने बूट काढले आणि केतकीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

काका, फार आठवण येतेय हो.
आम्ही दाराबाहेर होतो. तुमचा भाऊ शेवटपर्यंत आत होता.

नीट जा. ब्लॉकमधल्या सगळ्यांकडून भावपूर्ण श्रद्धांजली.