चुडा भरायला वाघोलीला

आमचं घर रस्तारुंदीत गेलं तेव्हा बांगड्यांचं दुकानही गेलंच, कारण कसबा पेठेत पुढे दुकान आणि मागे घर असा आमचा संसार होता. बदल्यात वारज्याला वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. उजेड भरपूर, हवा छान, लिफ्ट तिच्या मनात आलं तर चालते. अम्मीनं हॉलमध्ये सतरंजी घातली, बांगड्यांच्या पेट्या मांडल्या आणि दार उघडं ठेवून बसली. उघडं दार बघून लोक डोकावायचे, काही झालंय का विचारायचे आणि निघून जायचे. बांगड्या भरायला कुणीच येईना.

पेठेतल्या नवऱ्या मुलींचे चुडे आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या भरले. हे काम आपल्या हातून बंद पडणार, या विचारानं अम्मी आतून खचत चालली होती. एक दिवस पेट्यांवर चादर पडली. मला संताप यायचा. सरकारनं घराच्या बदल्यात घर दिलं, गिऱ्हाइकं कुठून देणार?

मग जुन्या शेजारणीचा फोन आला. त्यांचंही घर त्याच रस्त्यात गेलेलं, त्यांना वाघोली मिळाली होती. मुलीचं लग्न ठरलं होतं.

"चुडा तुम्हीच भरायचा, भाभी. दुसरं कुणी चालणार नाही," त्या म्हणाल्या.

वारजं शहराच्या एका टोकाला, वाघोली दुसऱ्या. बस बदलत, पेटी मांडीवर सांभाळत आम्ही दोघी पोचलो. बघतो तर आमच्या आळीतल्या सगळ्या बायका हजर, कोण कुठल्या उपनगरातून आलेल्या. अम्मीनं मुलीचा हात दाबून सैल केला आणि हिरव्या बांगड्या चढवल्या, डाव्या हातात रीतीप्रमाणे एक जास्त. एकही पिचली नाही. भरून झाल्यावर मुलगी वाकून अम्मीच्या पाया पडली. चुडा भरणाऱ्याला नमस्कार करायचा, हे आमच्याकडे ठरलेलंच. शेजारच्या फ्लॅटमधल्या एक बाई मात्र टक लावून बघत होत्या.

"चुड्यासाठी एवढ्या लांबून आलात? आपण वारज्याच्या ना?" त्यांनी विचारलं.

अम्मीनं मान वर केली नाही. "मी कसब्याची. वारज्याला झोपायला जाते."

सगळ्या बायका हसल्या. माझा ऊर अभिमानानं भरून आला.  मग त्या बाई सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी अम्मीपुढे हात केला.