पांढऱ्यावर पांढरे

इकडे उत्तरेत, निशातगंजमधल्या एका हिंदी फॅशन मासिकात मी पानांची मांडणी करते. त्या महिन्यात मालकांनी स्पष्ट सांगितले होते: चिकनकारीचा, म्हणजे पांढऱ्यावर पांढऱ्या भरतकामाचा, हा अंक खपला तर छपाई चालू राहील, नाहीतर मासिक फक्त फोनवर. कागद नसेल तर मी कशाची मांडणी करणार?

मधल्या जोडपानावर मी जवळजवळ काहीच ठेवले नव्हते. डावीकडे पांढऱ्या भिंतीशी पांढऱ्या कुर्त्यातली मुलगी. उजवे पान कोरे. कवितेची ओळ संपल्यावर ओठांवर श्वास रेंगाळावा, तसे.

छापील नमुना हातात आला आणि मी तो खिडकीशी नेला. कुर्त्यावर भरतकामच नव्हते. आमच्याकडे फोटोत कापडाला सुरकुती चालत नाही. सुरकुत्या पुसताना टाक्यांच्या बारीक सावल्याही पुसल्या गेल्या होत्या. पडद्यावर उरलेली अंधुक रेघ आमच्या स्वस्त कागदाने पिऊन टाकली. तांदळाच्या दाण्यासारखी उठून दिसणारा मुर्रीचा टाका, त्याच्याभोवतीची जाळी, सारे सपाट. एखादे नुकतेच सारवलेले अंगण.

छपाईला काही तासच होते. मी मूळ फोटो उघडला, एकच बाही सुरकुत्यांसकट दोन्ही पानांवर पसरेल एवढी मोठी केली. टाके पुन्हा श्वास घेऊ लागले. ती पाने घेऊन मी धावतच मालकांकडे गेले.

"चेहरा कहाँ गया, मैडम?"

"चेहरा रखेंगे तो कढ़ाई के टाँके नहीं दिखेंगे, सर."

"बिना चेहरे का फैशन? दर्ज़ी की दुकान का पर्चा लगेगा!" ते हसले. "और ये सिलवटें? लोग कहेंगे, इस्तरी करना भूल गए."

"सर, एक बार देख तो लीजिए. बस यही दो पन्ने."

"दीदी, आप कविता बहुत पढ़ती हैं," ते मायेने म्हणाले, आणि तेच अधिक लागले.

चेहरा छापला गेला. माझ्या कोऱ्या पानावर जाड काळे शीर्षक बसले.

इंदिरा नगरच्या घरी लेकीने अंक चाळला. त्या जोडपानावर थांबली.

"आई, ये कुर्ता तो प्लेन है ना?"

"नाही गं. त्यावर खूप काम आहे."

"अच्छा? दिख तो नहीं रहा."

मी पान उजेडाकडे तिरके धरले, मग दुसऱ्या बाजूने. काहीच उगवले नाही. दुकानांतून अंकांचे गठ्ठे जसेच्या तसे परत आले, दोरीसुद्धा न सोडलेले.

आता मालकांनी नवा साचा दिला आहे, फोनच्या रुंदीचा. जोडपान त्यात मावत नाही. काल मी त्यात ती बाही ठेवून पाहिली. टाका न् टाका लखलखीत दिसला. पडद्याला बोट लागले, आणि ती वर सरकून गेली. मी खाली ओढली. पुन्हा सरकली.