टाकीत शेवाळ चढलं तेव्हा

माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला, त्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. एकच शब्द उरला, ‘मंगळवार’. चहा हवा असला तरी मंगळवार, पाठ दुखली तरी मंगळवार, आणि रडू आलं की नुसतं मंगळवार, मंगळवार. हाच शब्द का राहिला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आमच्या घरात मंगळवारचा उपास कधी कोणी धरलेला नाही. बोलता येत नसलं तरी ऐकलेलं त्यांना सगळं कळतं, असं बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई परतपरत सांगायच्या. मी मान डोलवायची आणि त्या गेल्या की विसरून जायची.

आमचा फ्लॅट कर्वेनगरला. हॉलच्या एका भिंतीला माशांची मोठी काचेची टाकी आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी ती उभी केली. मासे निमित्ताला, खरा जीव झाडांवर. तळाच्या मातीत लावलेली गवतासारखी रोपं, लाल पानांच्या कांड्या, दगडावर बांधलेली मॉस नावाची मऊ हिरवळ. लांब चिमटा आणि वाकडी कात्री घेऊन ते तासन्‌तास पाण्यात हात घालून उभे असायचे. माझा टाकीशी संबंध बाहेरून फडकं मारण्यापुरता. त्यावरही ऐकून घ्यावं लागे, कारण फडक्याला साबण असायचा.

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांची चाकाची खुर्ची आम्ही टाकीशेजारी ठेवली. मुलीने माशांच्या खाण्याची डबी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती हलवली, दाणे पाण्यावर पडले, आणि सगळे मासे वर आले. ते हसले. झटक्यानंतरचं पहिलं हसू. मुलगी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून माशांना जेवू घालणं हे त्यांचं काम झालं. दाणे टाकले की माझ्याकडे बघून म्हणायचे, “मंगळवार.” मी म्हणायची, “वा.” त्यांना घास भरवणं, कुशीवर वळवणं, पुसणं हे सगळं दुसऱ्यांनी करायचं. दिवसभरात त्यांनी स्वतः करायची ही एवढीच एक गोष्ट होती.

शेवाळ आलं ते आधी कळलंच नाही. काचेवर तपकिरी धुरळा दिसला, तो मी पुसला. मग रोपांना हिरवे केस फुटले, न्हाणीच्या जाळीत अडकतात तसे गुंतलेले. मग पानांच्या कडांवर काळे झुपके आले, ते चिमटीत धरून ओढले तर पानच फाटून हातात यायचं. काच हिरवी झाली. मासे त्याच्यामागे पुसट दिसायला लागले. हे बोट दाखवायचे, खुर्चीच्या दांडीवर हात आपटायचे, आणि मी म्हणायची, “हो हो, करते.”

आणि करत होतेच की. बादल्या भरभरून पाणी बदललं. कंबर धरली. दगड बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासले. शेजारची इमारत पाडल्यापासून दुपारचं ऊन थेट टाकीवर येत होतं, तिथे जाड पडदा लावला. आतला दिवा निम्मा वेळ बंद ठेवला. घासलेला दगड आठवड्याच्या आत पुन्हा हिरवा. हातांवर पुरळ उठलं. ह्यांना आंघोळ घालायची, व्यायाम करून घ्यायचे, मऊ भात मिक्सरमधून काढायचा, आणि मग कोपरापर्यंत त्या बुळबुळीत हात घालायचा. वास अंगाला राहायचा. कधी कधी मी बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहायची, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मुलगी वाघोलीला राहते, तिथून येताना तिने शेवाळावरचं एक औषध आणलं. बाटलीवर लिहिलं होतं तेवढंच घातलं. सकाळी बरेच मासे उलटे तरंगत होते. मी जाळी शोधेपर्यंत ह्यांना जाग आली होती आणि हॉलमधल्या पलंगावरून त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी तोंडच उघडलं नाही. चमचा ओठांना लावला की मान भिंतीकडे.

शेवटी त्यांच्या एका मित्राला फोन केला. ते मित्र येरवड्याला राहतात, बँकेतून निवृत्त. टाक्यांच्या नादानेच दोघांची ओळख झालेली. ते आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ शेजारी बसले. तेवढ्यात ह्यांनी डबी उचलली. डबी जास्तच कलली, दाण्यांचा ढीगच पडला. थोड्या वेळाने, मघाशी टाकलेलं विसरून, पुन्हा एक ढीग. मासे वर येऊन एखाददुसरा दाणा उचलत होते, बाकीचे तळाला जात होते.

चहा प्यायला मित्र स्वयंपाकघरात आले आणि हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, तुम्ही पंगत वाढताय आणि शेवाळ जेवतंय. खाणं कुजतंय तळाला. ते थांबल्याशिवाय काहीही ओता, उपयोग नाही.”

“म्हणजे त्यांच्या हातून डबी काढून घेऊ?”

त्यांनी कप खाली ठेवला. “टाकीचं विचारलंत, तेवढं सांगितलं. पुढचं मला कसं सांगता येईल?”

मी डबी फडताळात डब्यांच्या मागे ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती शोधली. मांडीवरची शाल चाचपली, उशीखाली हात घातला, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “संपलंय. आणायचंय.” पुढेही तेच सांगत राहिले. ते डुलकीत असताना मीच चिमूटभर टाकायची. काही दिवसांनी त्यांनी शोधणं सोडलं. मग मंगळवार म्हणणंही सोडलं. दिवसभर त्या हिरव्या काचेसमोर बसून असायचे, पण बघत मात्र नसायचे. शेवाळ होतं तिथेच होतं. मला वाटलं, मी दोन्हीकडून हरले.

मुलगी फोनवर म्हणाली, “आई, टाकी काढूनच टाकू. मासे येरवड्याच्या काकांना देऊ. मी रविवारी येते.” मी बरं म्हटलं. पण रविवारपर्यंत माझ्याने थांबवेना. एका दुपारी मी उरलेले मासे बादलीत काढले, नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं बाथरूमच्या मोरीत, आणि पाणी ओढून सोडून दिलं. पाणी उतरायला लागलं तशी रोपं एकेक करून आडवी पडली. काळ्या झुपक्यांचा चिखल झाला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

आणि पाणी थांबलं. नळी ह्यांच्या खुर्चीजवळून गेली होती. त्यांनी डाव्या हाताने ती उचलून दुमडून धरली होती. मी म्हटलं, सोडा. ते सोडेनात. मी ओढली, त्यांनी धरून ठेवली. अंगातला सगळा जोर त्या एका मुठीत आला होता. मी ओल्या फरशीवर बसले आणि मग माझ्या तोंडून निघायला लागलं ते थांबेना. म्हटलं, डबी संपलेली नाही, मी लपवलीय. तुम्ही एका वेळी इतकं टाकता आणि पुन्हा टाकता, ते कुजतं, त्याचं शेवाळ होतं. मासे औषधाने मेले, ते माझ्या हातून झालं. मला हे जमत नाही, तुमचंही जमत नाही आणि टाकीचंही जमत नाही, मी दमले.

झटक्यानंतर इतकी वाक्यं मी त्यांच्याशी सलग बोललेच नव्हते. लहान मुलाशी बोलतात तसं हो हो, वा, छान, एवढंच चाललं होतं.

ते ऐकत होते. सगळं. चेहऱ्याची डावी बाजू हलत होती. मग त्यांनी नळी सोडली, पाणी पुन्हा वाहायला लागलं तसं मीच तिचं टोक टाकीबाहेर ओढलं. त्यांनी तळहात पुढे केला. मी उठून डबी आणून दिली. त्यांनी ती क्षणभर धरली, माझ्या हातात परत ठेवली आणि माझी बोटं त्यावर मिटली. म्हणाले, “मंगळवार.” अगदी हळू. मग दोन बोटांनी कात्री चालवून दाखवली.

मला समजायला वेळ लागला. एक पान तुटलं तरी ओरडणारा माणूस मला सगळं छाटायला सांगत होता. मी एकेका कांडीला कात्री लावून त्यांच्याकडे बघायची, ते मान खाली करून खूण करायचे, आणखी खाली, आणखी. मुळापाशी बोटभर खुंट राहिले. मॉसचा दगड धरून दाखवला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि हाताने फेक म्हणून सांगितलं. संध्याकाळी सगळं गोळा केलं तेव्हा बादली काठोकाठ भरली होती. टाकीत नुसती माती, खुंट, स्वच्छ पाणी आणि त्यात सोडलेले वाचलेले मासे. टाकी उजाड दिसत होती. मुलगी रविवारी आली, तिने ते पाहिलं आणि बाबांचे केस नीट करत बसली.

आता चिमूट मी मोजते, त्यांच्या बोटांत देते, आणि पाण्यात ते टाकतात. शेवाळ गेलेलं नाही. मागच्या कोपऱ्यात धरूनच आहे, मधूनमधून पुढे सरकतं. मीही ठीक आहे असं नाही. काही सकाळी उठावंसं वाटत नाही.

मध्यंतरी ते मित्र ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्याकडची रोपं घेऊन आले. ह्यांनी काठीच्या टोकाने काचेवर जागा दाखवायची, मी चिमट्याने लावायचं, असं ठरलं. लाल पानांची एक कांडी मी लावली ती त्यांना पसंत पडेना. काढली, डावीकडे लावली. काठी पुन्हा काचेवर. काढली, मागे लावली. पुन्हा काठी. माझा खांदा भरून आला होता, बाही कोपरापर्यंत भिजली होती. मी चिमटा आदळला आणि म्हटलं, “अहो, झाड आहे ते, पाहुणे नाहीत. कुठेही बसेल.”

“मंगळवार!” ते खेकसले, काठी आपटून.

“मंगळवार तर मंगळवार,” मी म्हटलं आणि कांडी पुन्हा उपटली. मित्र खिडकीबाहेर बघत होते. आमचं भांडण मात्र बराच वेळ चाललं.