रिलीव्हर आल्याशिवाय
आमचे हे हार्ट अटॅकनं अचानक गेले, पण त्यांचा फोन आम्ही बंद केला नाही. सासूबाई म्हणाल्या, "चालू हाय तवर असू दे गं." चऱ्होलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो फ्रिजवर चार्जरला लावलेला असायचा. त्यात कोडचं ॲप होतं. त्यांचं ईमेल उघडायला पासवर्डनंतर त्यातला सहा आकडी कोड लागायचा, आणि तो कोड दर अर्ध्या मिनिटाला बदलायचा. येता-जाता मी ते ॲप उघडायचे. माणूस गेला आणि आकडे आपले बदलतायत. अंगावर काटा यायचा, तरी बघत बसायचे.

चाकणला कंपनीत ते मशीनवर होते. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, असा तिथला नियम. तो येऊन पाठीवर थाप मारणार, "सोड भावा, मी आलो," मगच हे हात काढणार. रिलीव्हरला उशीर झाला की इकडे माझी भाजी गार. "मशीनशीच लग्न करायचं होतं ना!" असं मी चिडून म्हणायचे आणि ते नुसते हसायचे.

मग फोनच्या स्क्रीनवर एक हिरवी रेघ आली आणि रोज रुंद होत गेली. मला धडकीच भरली. लेकीला झोपवताना ते गायचे, त्याची रेकॉर्डिंगं त्या ईमेलच्या खात्यातच होती. पासवर्ड मला ठाऊक होता, पण रेघ आकड्यांवर आली असती तर तो आवाज कायमचा गेला असता. कोड माझ्या फोनवर यायला हवे होते.

मी माण गावातल्या आयटी कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या ॲपमधल्या चुका काढते. तरी स्वतःसाठी ॲप निवडताना एकेक तीन-तीनदा तपासत होते. निळ्या कुलपाचं चित्र लावलेली सगळी एकसारखी. एकानं आल्या आल्या माझ्या फोनमधले सगळे नंबर मागितले. तुला रे कशाला नसत्या चौकशा? काढून टाकलं. दुसरं बरं वाटलं, पण त्यातले कोड दुसऱ्या फोनवर नेताच येत नव्हते. तिथं मी अडले. मीही अशीच गेले तर? लेकीनंही अशीच एखादी रेघ बघत बसायचं? शेवटी जे घेतलं ते काही मागत नव्हतं, इंटरनेटशिवाय चालत होतं आणि कोडची प्रत माझ्या पासवर्डखाली काढून ठेवू देत होतं. ती प्रत कुठं आहे आणि तिचा पासवर्ड काय, ते बहिणीला सांगून ठेवलं.

त्यांच्या फोनवरचा कोड वाचून मी खात्यात शिरले आणि नवं ॲप जोडलं. एक रेकॉर्डिंग लावलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "त्योच हाय," एवढंच म्हणाल्या.

मग माझ्या लक्षात आलं. नवं ॲप जोडलं की जुन्याचे कोड चालत नाहीत, पण जुन्या ॲपला ते कळत नाही. फ्रिजवरच्या फोनमध्ये, रेघेच्या बाजूला, आकडे अजून बदलतच होते. आता त्यांनी काहीच उघडणार नव्हतं. इतके महिने हे तिथं उभे होते आणि आता पुरे म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला रडू कोसळलं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. चार्जर काढून मी फोन हातात घेतला, त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली आणि म्हणाले, "सोडा आता. मी आले."