ठिगळ आणि पेल्याची तिर्री

बेपो न्हाव्याच्या दुकानात कोणी वित्स्कोला 'ठिगळ' म्हटलं, की बेपोचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावरच थांबायचा. नाव त्यानंच पाडलेलं. पण ते घ्यायचा हक्क तो दुसऱ्या कोणाला देत नसे.

तरुणपणी दोघं गावच्या फुटबॉल संघात होते. बेपो पुढचा, गोल मारणारा. पोरी त्याच्याकडे बघायच्या आणि त्यालाही ते चांगलंच ठाऊक असायचं. वित्स्कोला मात्र जिथं भगदाड पडेल तिथं लावायचे. आज बचावात, उद्या मधल्या फळीत, परवा डाव्या कडेला. एकदा गोलरक्षकाचं बोट मोडलं, तर ह्या पठ्ठ्यानं हातमोजे चढवून पेनल्टीसुद्धा अडवली. पुढं स्प्लिट शहराच्या संघानं त्याला उचललं, आणि तिथंही ठिगळासारखाच वापरला. पण सगळ्या जागी राबलेल्या माणसाला सगळ्यांची दुखणी कळतात. गुडघे गेल्यावर तो गावी आला, प्रशिक्षक झाला, आणि ज्या संघाला शेजारच्या बेटावरची पोरंटोरं लोळवत होती, तो त्यानं थेट पहिल्या लीगमध्ये नेऊन बसवला.

आता झाग्रेबच्या एका बड्या क्लबाचं बोलावणं आलं होतं. उद्या उत्तर द्यायचं होतं, आणि स्वारी बेपोच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"जाऊ की नको, सांग ना बाबा."

"मी काय तुझी बायको आहे? लुक्रित्साला विचार."

"ती म्हणते, बेपोला विचार."

"मग जा, मर तिकडे! समुद्र नाही, काही नाही, धुकं खात बस. मला काय त्याचं?"

बेपोला त्याचं पुष्कळ काही होतं. बायको गेल्यापासून दुपारची पाणी घातलेली वाइन, तळलेली बारकी मासळी आणि वित्स्कोच्या जोडीनं त्रेशेता ह्या पत्त्यांच्या खेळाचा डाव, एवढ्यावर त्याचा दिवस निभत होता. 'जा' म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि 'नको जाऊ' म्हणायची लाज वाटत होती.

पत्ते वाटले गेले. विरुद्ध जोडी टपालवाल्या यूरेची आणि टोमे कोळ्याची. त्रेशेतात जोडीदाराशी बोलायचं नसतं. पान टाकताना फार तर मुठीनं टेबल ठोकायचं. ठोकलं की अर्थ एकच: तुझं सगळ्यात मोठं पान टाक, हात जिंक, आणि त्याच रंगात परत माझ्याकडे ये.

इथल्या पत्त्यांत इस्पिक-बदामाऐवजी पेला, तलवार असे रंग असतात. बेपोनं पेल्याची पंजी टाकली आणि टेबल असं ठोकलं, की मासळीची ताटली उडाली.

वित्स्कोनं पेल्याची तिर्री टाकली. ह्या खेळात तिर्रीच सगळ्यात मोठी. हात जिंकला आणि रीतीप्रमाणे पुन्हा पेलाच खेळला. बेपोकडे पेल्याचं एकही पान उरलं नव्हतं. यूरेनं खुशाल एक्क्यानं हात ओढला.

"अरे ए न्हाव्या!" टोमे ओरडला. "पानं नसताना ठोकतोस? आख्खा जन्म खेळण्यात गेला तुझा!"

बेपोनं कधी खोटं ठोकलं नव्हतं. तो पानांत तोंड खुपसून बसला. मान वर केली, तेव्हा वित्स्कोचे डोळे भरलेले होते.

"ऐकू आलं रे," वित्स्को म्हणाला. "जातो. आणि परत तुझ्याकडेच येतो."

"आधी हा डाव तर सांभाळ, ठिगळा," बेपो म्हणाला.