अकरा पेल्यांखालची घड्याळं

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. चोरीला गेलं होतं एक मनगटी घड्याळ, आणि ते सापडलंही. कागदोपत्री तपास यशस्वी. तरी नोकरीतल्या चुका आठवायला बसलो की हीच पहिली समोर येते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शिरूर ठाण्यात फौजदार होतो. वडगाव रासाईचे एक बडे बागायतदार तक्रार घेऊन आले. गाव त्यांना आबा म्हणायचं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं परदेशी घड्याळ पेटीतून नाहीसं झालं होतं. पेटीचं कुलूप मात्र शाबूत. कुलूप शाबूत असलं की आधी घरात बघावं, हे नव्या शिपायालाही कळतं. पण चार दिवसांनी गावातून खबर आली की बौद्ध वस्तीतला एक जण दौंडला रेल्वेत फिटर आहे, त्याच्या क्वार्टरमध्ये घड्याळांचा ढीग आहे आणि तो नुकताच गावी येऊन गेला. ढीग म्हटल्यावर माझं कुलपावरचं लक्ष उडालं.

दौंड ठाण्यात नोंद करून, दोन पंच घेऊन आम्ही रेल्वे कॉलनीत गेलो. फिटर चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, नुकताच ड्यूटीवरून आलेला. खिळ्यांना टांगलेली, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली मिळून एकतीस घड्याळं निघाली. शिवाय टेबलावर चहाचे अकरा पेले पालथे घातलेले आणि प्रत्येकाखाली एकेका घड्याळाचे सुटे भाग.

"हे काय दुकान मांडलंयस?" मी विचारलं.

"दुकान न्हाई साहेब, छंद हाय. लोकं मोडकी टाकून देत्यात, मी आणतो. ह्याची तबकडी त्याला बसवतो, त्याचं मशीन ह्याला. एक जरी चाललं तरी लई बरं वाटतं."

"मग विकतोस कुणाला?"

"इकायचं कशाला? चावी देतो आन् ऐकत बसतो."

हवालदार हसला. मीही हसलो. मग हवालदारानं एकेक पेला उचलला आणि खालचं सगळं एकाच फडक्यात ओतलं. इतका वेळ शांत असलेला फिटर ओरडला, "साहेब, एकत्र नका करू! येगळं येगळं बांधा!"

"मुद्देमाल कसा न्यायचा ते आम्हाला शिकवू नकोस," मी म्हणालो. पंचनाम्यात लिहिलं, 'घड्याळांचे किरकोळ सुटे भाग, पुडके एक.' वर लाखेचं सील मारलं.

शिरूरला आबांनी फिटरच्या मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. तसंच परदेशी, तशीच पांढरी तबकडी. "ह्येच! डोळं झाकून सांगतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "असल्या लोकांकडं येवढी घड्याळं येत्यात कुठनं?"

लाज वाटते सांगायला, पण हाच प्रश्न माझ्याही मनात होता.

दुपारी अटक दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालयातून दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिला की निलंबित होतो. फिटरला हे पाठ होतं. त्याच्या वस्तीतून रेल्वेत लागलेला तो पहिलाच माणूस. मी दोन तास दरडावून विचारत होतो. तो एकच उत्तर देत होता, की हे घड्याळ माझ्या हातानं जुळवलेलं आहे. शेवटी म्हणाला, "साहेब, आबांना येवढंच इचारा, पेटीतल्या घड्याळाला शेवटची चावी कवा दिल्ती?"

आबा बाहेरच बसले होते. वैतागून म्हणाले, "पेटीतल्या वस्तूला चावी कशाला द्यायची? धा वर्सं हात न्हाई लावला."

हे ऐकून फिटर पहिल्यांदा ताठ बसला. "मग त्यातलं तेल वाळून डिंक झालं आसंल. ज्यानं नेलं त्यानं चावी दिली आसंल, घटकाभर चाललं आसंल, आन् बंद पडलं आसंल. माझं तर रोज चालतंय. साहेब, ते घड्याळ आत्ता दुरुस्तीवाल्याकडं पडलं आसंल. दुकानं बघा."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. शिरूर, दौंड, केडगाव, तिन्हीकडे शिपाई पाठवले. केडगाव स्टेशनाजवळच्या दुकानात घड्याळ मिळालं. साफसफाईला टाकणारा आबांचा जावई निघाला. त्याच्या लग्नात आबांनी हेच घड्याळ कबूल केलं होतं, तीन वर्षं उलटली तरी ते काढत नव्हते. मग जावईबापूंनी सासुरवाडीला येऊन, घरातलीच किल्ली लावून, आपला मान आपल्या हातानं घेतला.

आबांचा चेहरा पडला. "साहेब, घरचीच बाब हाय. मिटवून टाका."

गैरसमजुतीतून तक्रार झाली, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. घेणारा जावई निघाला आणि ती चोरी राहिली नाही. फिटर सुटला तेव्हा अठ्ठेचाळीस तासांना चार तास बाकी होते. नोकरी वाचली.

मुद्देमाल परत घेताना त्यानं पुडकं उघडलं. टाचणीच्या टोकाएवढे स्क्रू, चाकं, केसासारख्या स्प्रिंगा, अकरा घड्याळांचं सगळं एकमेकांत मिसळलेलं. त्यानं पुडक्याला पुन्हा गाठ मारली. मग पावतीवर सही केली. मी माफी मागितली नाही. फौजदारानं माफी मागायची आमच्यात रीत नव्हती.

आठ वर्षांनी दौंड जंक्शनवर गाडीची वाट बघत उभा होतो. नमस्कार त्यानंच आधी केला. या वेळी माझ्या तोंडून आपोआप 'तुम्ही' आलं. "तुमचे ते सुटे भाग? त्यांचं काय झालं?"

"सात जुळली साहेब," तो म्हणाला. "चार राह्यलीत. ड्यूटीवरनं आलो की निवडत बसतो."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढे प्रत्येक झडतीत मी घरमालकाला आधी विचारायचो, ही वस्तू उचलायची कशी? शिपाई पाठीमागे हसायचे. हसू दिलं. निर्दोष माणूस सोडला की आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो. त्याला सोडायला आम्हाला दोन दिवस लागले. आम्ही दोन मिनिटांत मिसळलेलं तो आठ वर्षं निवडत होता.